कोयता हातात असलेला नायक

कोऱ्हाळे बुद्रुकपासून खाली बारामतीपर्यंत आणि तिथून पुढे इंदापूरपर्यंत, कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या घरांसाठी हे लिहितो आहे. आईबापांसाठी लिहितो आहे, आणि त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींसाठीही. विषय कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा आहे. तेवढं वाचून पान उलटू नका, कारण हा खेळ उसाच्या मळ्यांत घडतो आणि त्यातल्या नायकाच्या हातात कोयता आहे.

खेळाचं नाव 'फ्रीडम क्राय'. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या 'असॅसिन्स क्रीड' मालिकेतला 'ब्लॅक फ्लॅग' हा समुद्री चाच्यांचा मोठा खेळ 2013 साली आला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याला जोडकथा म्हणून 'फ्रीडम क्राय' आला, आणि 2014 मध्ये तो सुटाही मिळू लागला. मूळ खेळाचा नायक एडवर्ड केनवे, सोन्यानाण्याच्या मागे लागलेला गोरा दर्यावर्दी. जोडकथेत त्याला बाजूला ठेवलं आहे आणि त्याच्या जहाजावर हुकूम पाळणारा अडेवाले पुढे आला आहे. अडेवाले त्रिनिदादच्या बेटावर गुलामीत जन्मला, तिथून निसटून चाच्यांत सामील झाला. 1735 साली त्याचं जहाज फुटतं आणि तो सेंट-डोमिंगच्या किनाऱ्याला लागतो. पैसा नाही, ओळख नाही, आणि कातडीचा रंग बघूनच कुणीही दोरखंड घेऊन मागे लागेल असा तो मुलूख.

सेंट-डोमिंग म्हणजे आजचा हैती. 1697 च्या तहात तो भाग फ्रान्सकडे गेला आणि पुढच्या शंभर वर्षांत तिथे साखरेचं साम्राज्य उभं राहिलं. आफ्रिकेतून जहाजाच्या तळात कोंबून आणलेली माणसं ऊस लावत, ऊस तोडत, चरकात घालत, रात्रभर रस कढवत. अठराव्या शतकाच्या अखेरीला तिथे सुमारे पाच लाख गुलाम होते आणि युरोपात खपणाऱ्या साखरेचा मोठा वाटा त्या एका वसाहतीतून जात होता. ज्यांच्या घरात कारखान्याच्या भोंग्यावर दिवस सुरू होतो, टनेज आणि रिकव्हरीचे आकडे ज्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी निघतात, त्यांना ही कथा परकी वाटायचं कारण नाही.

मळ्यावरचा एक प्रसंग सांगतो, म्हणजे खेळ कशा जातीचा आहे ते कळेल. अडेवाले मळ्याच्या कडेच्या दाट हिरवळीत वाकून शिरतो आणि दबा धरून बसतो. समोर माणसं कंबरेत वाकून काम करताहेत. त्यांच्यामधून देखरेख करणारा फिरतो, त्याच्या कंबरेला हत्यार. खेळाडूला पुढे सरकायचं आहे, पण पाऊल वाजता कामा नये. अशा लपूनछपून खेळायच्या इतर खेळांत पहारेकऱ्याने बघितलं की गोळ्या नायकावर सुटतात. नायक मेला तर पुन्हा पहिल्यापासून, एवढंच. या मळ्यावर तुम्ही दिसलात की पहारेकरी आधी गुलामांवर तुटून पडतात. चूक तुमची आणि जीव त्यांचा. ते बघितल्यावर खेळणारा पोरगा खुर्चीत ताठ बसतो, घाई सोडतो. एका क्षणात तो स्वतःपुरता खेळायचा थांबतो आणि त्या वाकलेल्या माणसांसाठी खेळायला लागतो. मला या खेळातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

शेवटाकडे एक जहाज बुडतं. तळघरात साखळ्यांनी बांधलेली माणसं आणि वर चढत जाणारं पाणी. अडेवाले आत उतरतो, हाताला लागतील तेवढ्यांना सोडवतो, आणि बाकीचे त्याच्या डोळ्यांदेखत बुडतात. खेळाडू कितीही तरबेज असो, सगळ्यांना वाचवता येत नाही. खेळ करणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं ठेवलं आहे, आणि चांगलं केलं आहे.

आता कुणी म्हणेल, हैतीचं आपल्याला काय? आपल्या मातीतही अडेवाले होऊन गेले आहेत. मलिक अंबर इथिओपियात 1548 च्या सुमारास जन्मला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि शेवटी निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा विकत घेतलेला पोरगा पुढे त्याच निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मुघलांच्या अवाढव्य फौजांना त्याने समोरासमोर अंगावर घेतलं नाही. रसद तोडली, रात्री छापे घातले, डोंगरात ओढून नेलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते, ज्यांच्या वडिलांची, मालोजीराजांची गढी आपल्या इंदापुरात आहे. गनिमी काव्याचं श्रेय वाटताना हा हबशी गुलाम आपण बऱ्याचदा विसरतो.

आणि इतक्या लांबही जायला नको. आपल्याला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात भिवडी गाव आहे. तिथे 7 सप्टेंबर 1791 रोजी उमाजी नाईक जन्मले. त्यांच्या रामोशी समाजाकडे गड-किल्ल्यांची, गावांची राखण होती. इंग्रज आले, राखणदारीची कामं आणि हक्क गेले, आणि राखणारेच रानात गेले. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या उमाजींना 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फाशी दिली. ते जन्मले त्याच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, 22 ऑगस्ट 1791 च्या रात्री, हैतीतल्या गुलामांनी उसाचे मळे पेटवून उठाव सुरू केला होता. बारा वर्षांहून जास्त झुंजून, 1 जानेवारी 1804 ला त्यांनी आपला देश स्वतंत्र केला. या दोन तारखा जवळ येणं हा योगायोग आहे, त्यातून मी काही सिद्ध करत नाही. पण आपल्या पोरांना पाठ्यपुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती भेटते आणि त्याच फ्रेंचांविरुद्ध उसाच्या फडातून उठलेली क्रांती भेटत नाही, याची मला खंत वाटते. ती त्यांना एका खेळातून भेटत असेल तर मी त्या खेळाचे आभार मानीन.

म्हणून आईबापांना पहिली विनंती. पोरगा कॉम्प्युटरपुढे दिसला की "काय ते टाइमपास चाललंय" म्हणून वायर ओढू नका. जवळ खुर्ची घेऊन बसा आणि विचारा, यातला नायक कोण आहे? कुणासाठी लढतोय? कुणाला मारतोय आणि का? पोराला सांगता आलं तर खेळ डोक्यात शिरतोय असं समजा. सांगता येत नसेल, नुसतं "मारायचं असतं" एवढंच उत्तर येत असेल, तर मग काळजी करा. आणि वयाचं पथ्य पाळा. 'फ्रीडम क्राय' शाळकरी पोरांसाठी नाही. त्यात रक्तपात आहे, माणसांना डागणं-फटके मारणं आहे. अमेरिका-युरोपात त्याच्यावर सतरा-अठरा वर्षांपुढचा शिक्का आहे, तो उगीच नाही. सातवीतल्या पोराच्या हातात तो देऊ नका.

दुसरं म्हणजे कथा सांगणारे खेळ आणि पैसे लावायचे खेळ यांची गल्लत करू नका. मोबाइलवरच्या रमीत आणि तसल्याच जुगारात उसाचं बिल गेलेली घरं आपल्या भागात आहेत, ते कुणी चावडीवर बोलत नाही एवढंच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती योग्यच आहे. त्या रागात सगळ्या खेळांना एकाच काठीने हाणू नका. घरातला कोणता खेळ पोराचे पैसे काढतो आणि कोणता त्याला विचार करायला लावतो, हे बघायला पाच मिनिटं लागतात.

आता पोरापोरींनो, तुमच्याशी बोलतो. या खेळात एक खोट आहे आणि ती चाणाक्ष खेळाडूला खटकते. सोडवलेल्या गुलामांची तिथे मोजदाद होते, आणि आकडा वाढला की अडेवालेला चांगली हत्यारं मिळतात, जहाजाला माणसं मिळतात. मुक्त झालेल्या माणसाचं पुढे काय होतं, तो कुठे जातो, काय खातो, हे फारसं दिसत नाही. दहावा मळा मोकळा करताना हात माणसांसाठी चालतोय की आकड्यासाठी, हे खेळणाऱ्याने स्वतःला विचारावं.

ही खोट मनात ठेवूनच आपल्या बांधावर या. दिवाळीच्या आसपास गाळपाचा भोंगा होतो आणि बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या टोळ्या आपल्याकडे उतरतात. गावात विचारलं जातं, "यंदा किती कोयते आलेत?" एक कोयता म्हणजे एक माणूस नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटाच आला तर अर्धा. उचल जोडीला, हिशोब जोडीचा, आणि बहुतेक वेळा पैसे हातात घेणारा फक्त नवरा. म्हणजे दिवसभर राबणारी बाई हिशोबाच्या वहीत स्वतंत्र उभीच राहत नाही. खेळात सोडवलेली माणसं आकडा होतात याचा तुम्हाला राग आला असेल, तर त्या वहीचाही यायला हवा.

उचल कशी असते तेही सांगतो, कारण शेतकऱ्यांच्या घरातल्या कित्येक पोरांना ते नीट माहीत नसतं. पावसाळ्यात गावाकडे काम नसतं, तेव्हा मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो. पन्नास हजार, लाख, कधी जास्त. लग्न, आजारपण, घराचे पत्रे, बियाणं, यात ती संपते. मग सहा महिने तोडणी करून ती फेडायची. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला तीनशे सहासष्ट रुपयांवर गेला. दोघांनी मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडला तर किती होतात, तुम्हीच गुणाकार करा, आणि त्यातून खाणंपिणं, औषधपाणी, खाडा वजा करा. खाडा म्हणजे कामावर न आल्याचा दंड. दिवसाचे पाचशे, कुठे हजार. फेड पुरी झाली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावं लागतं.

तोडणी तुम्ही रस्त्यावरून जाताना बघितली असेल. एकदा बांधावर थांबून बघा. पहाटे, दव असताना फड सुरू होतो. डाव्या हाताने ऊस धरायचा, बुडाशी, अगदी जमिनीलगत कोयता मारायचा, कारण बुडख्यातच साखर जास्त आणि वर खुंट राहिला तर शेतकरी ओरडतो. मग वरचं वाढं छाटायचं, पाचट सोलायचं, ऊस मागे टाकायचा. पाचटाची पानं कातरीसारखी लागतात. हातावर, गालावर, डोळ्याच्या कडेला बारीक चिरा पडतात आणि घाम त्यात झोंबतो. मागून बायका मोळ्या बांधतात, वाढ्याच्याच बंधाने. मग मोळी डोक्यावर घेऊन तिरप्या फळीवरून ट्रॉलीवर चढायचं. फळी हलते, खाली कुणी धरलेली असली तर बरं. गाडी रात्री दहाला आली तर रात्री दहाला भरायची. कारखान्याची गाडी माणसाच्या झोपेसाठी थांबत नाही.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. आपली तोडणी आणि हैतीची गुलामी एक नव्हे. तिथे माणूस मालमत्ता होता, विकला जात होता, त्याचं लेकरू जन्मतःच मालकाचं होतं. आपल्याकडचा तोडणी कामगार नागरिक आहे, मतदार आहे, संघटना करू शकतो, संप करू शकतो आणि केले आहेत. दोन्ही एका तागडीत घालणं म्हणजे त्या पाच लाखांचाही अपमान आणि यांचाही. पण कर्जाने बांधलेलं अंग, मालकाच्या वेळेवर चालणारी झोप आणि मोजणीत हरवलेली बाई, एवढं साम्य डोळ्याआड करायचं नाही. आणि शेतकऱ्याची बाजूही मला माहीत आहे. मुकादम लाखो रुपये उचल घेऊन पसार झाल्याने वाहतूकदार आणि शेतकरी बुडाले आहेत. ऊस वाळत असताना टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, दिल्याशिवाय कोयता चालत नाही, ही तक्रारही खोटी नाही. तरी रागाचं पारडं जड करण्याआधी बघा की ज्या बाईच्या डोक्यावर मोळी आहे तिच्या हातात त्या खुशालीतलं किती पडतं.

लपण्याचा विषय मघाशी निघाला. खेळात लपणं ही कला आहे. फडात लपवणं ही मजबुरी आहे. ताप लपवायचा, कारण खाडा पडेल. पोटातलं दुखणं लपवायचं. दिवस गेलेले असले तरी वाकत राहायचं. पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही, विश्रांती नाही. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीने सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यातल्या 13 हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कित्येकींचं वय अजून चाळिशीच्या आत होतं. या सगळ्याचं कारण एकच नाही; कोवळ्या वयातली लग्नं, दुखण्याकडे झालेलं दुर्लक्ष, खासगी दवाखान्यांचे सल्ले, असं बरंच आहे. पण खाडा नको म्हणून दुखणंच कापून टाकायचं, ही हिशोबाची रीत त्यामागे आहे, आणि त्या हिशोबातली साखर आपल्या चहात पडते.

अजून एक सांगायचं आहे, आणि ते पोरांना थोडं कडक सांगतो. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांत कोयता आला तो दहशत माजवणाऱ्या टोळक्यांबरोबर. आपल्याकडचीही पोरं वाढदिवसाला कोयत्याने केक कापतात, हवेत कोयता फिरवून व्हिडिओ टाकतात. अडेवालेच्या हातातलं हत्यार बघून कुणाला तो चेव आला असेल, तर त्याने खेळ बघितलाच नाही असं मी म्हणेन. अडेवालेने कोयता उचलला कारण त्याच्या माणसांना रोज तोच धरून मरावं लागत होतं. आपल्या गावाच्या कडेला कोपी टाकून राहणारी माणसं कोयत्याची धार लावतात ती दुसऱ्या दिवशीच्या भाकरीसाठी. त्यांच्यासमोर तो मिरवू नका.

ज्यांना कॉम्प्युटरमध्ये, ॲनिमेशनमध्ये शिक्षण घ्यायचं आहे त्यांच्यासाठी एक काम सुचवतो. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 2020 मध्ये 'राजी' हा खेळ काढला. सर्कशीत वाढलेली एक मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधात निघते, अशी त्याची कथा, आणि तो जगभर खेळला गेला. म्हणजे पुण्यात बसून, आपल्या गोष्टीवर, गरीब घरच्या पोरीला नायिका करून खेळ बनू शकतो. तोडणीच्या फडातली मुलगी, जिला पहाटे कोपीत धाकटं भावंड सांभाळायचं आहे, दहाला शाळा गाठायची आहे, आणि मुकादमाच्या नजरेला न पडता दोन्ही करायचं आहे, ही लपूनछपून खेळायच्या खेळाची गोष्ट नाही का? कुणीतरी करा. पण आधी त्या मुलींशी बोला, त्यांच्या आईबापांना विचारा, त्यांचे फोटो-व्हिडिओ परवानगीशिवाय घेऊ नका. त्यांची गोष्ट त्यांची आहे, ती न विचारता उचलली तर तीही उचलच झाली, आणि या वेळी फेडायची आपल्याला.

आता सगळ्यांसाठी, या हंगामात करता येईल असं काही. मोठे कायदे, महामंडळ, विमा हे सरकार आणि कारखान्यांनी करायचं आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रं त्यातून व्हायची आहेत. आपल्या कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर एक प्रश्न हाही विचारा, की आपल्या गटातल्या किती तोडणी कामगारांची नोंद झाली. सभासदाने विचारलं की उत्तर द्यावं लागतं. कामगाराने विचारलं तर तसं होत नाही.

पाणी आणि आडोसा हे तर शेतकऱ्याच्या हातात आहे. आपल्या रानात टोळी आली की बोअरची मोटार एक तास त्यांच्यासाठी चालू ठेवा. पिण्याचं पाणी वेगळं द्या, औषधाच्या ड्रममधून देऊ नका. विहिरीजवळच्या खोलीमागे चार बांबू रोवून गोणपाट लावलं तरी बायकांना न्हाणीचा आडोसा होतो. रात्री ट्रॉली भरताना फडावर एक बल्ब टांगा, साप आणि कोयता दोन्ही अंधारात लागतात. आणि ट्रॅक्टरमालकांनी ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावायचा कंटाळा करू नये. नीरा-बारामती रस्त्यावर रात्री उसाने भरलेली, दिवा नसलेली ट्रॉली किती जवळ गेल्यावर दिसते ते दुचाकीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

रेशनचं अनेकांना माहीत नाही. कामगारांचं कार्ड बीडचं असलं तरी धान्य आपल्या गावच्या दुकानात मिळू शकतं, अंगठा लावून. दुकानदार टाळाटाळ करतो तेव्हा गावातलं कुणी सोबत उभं असलं की टाळाटाळ कमी होते. त्यासाठी पुढारी असायला लागत नाही, कॉलेजातला एखादा पोरगा पुरतो.

शाळेबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे गाव खरंच काही करू शकतं. टोळीबरोबर आलेली लेकरं दिवसभर कोपीत किंवा फडाच्या कडेला उसाचं कांडं चघळत बसतात. मोठी बहीण धाकट्याला घेऊन बसते, म्हणून तिची शाळा सगळ्यात आधी सुटते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं आहे. सहा ते चौदा वयाच्या कुठल्याही मुलाला जवळच्या शाळेत वर्षात कधीही घ्यावं लागतं. जन्मदाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून थांबवता येत नाही. वयाप्रमाणे इयत्तेत बसवायचं असतं. आपल्याकडे यासाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. मूळ गावच्या शाळेने ते द्यायचं, इकडच्या शाळेने बघून मुलाला वर्गात घ्यायचं, आणि परत जाताना इकडची हजेरी नोंदवून द्यायची, म्हणजे वर्ष वाया जात नाही. पण कुणी सांगत नाही, कोपीपर्यंत कुणी जात नाही, आणि गावातल्याही काही घरांना आपल्या पोरांच्या शेजारी ती लेकरं बसलेली आवडत नाहीत. हे शेवटचं बोलायला जड जातं, पण ते खरं आहे आणि ते आपणच थांबवायचं आहे.

तेव्हा टोळ्या उतरल्या की पहिल्या आठवड्यात गावातल्या चार-पाच पोरापोरींनी, ज्यांना खेळात मळेच्या मळे मोकळे करायची सवय आहे त्यांनी, कोप्यांवर जावं. सोबत एखादी अंगणवाडीताई किंवा आशाताई असावी, म्हणजे बायका मोकळेपणी बोलतील आणि गरोदर कुणी असेल, लसी राहिलेलं बाळ असेल तर त्याचीही नोंद होईल. कोपीत कोणती मुलं आहेत, वय किती, कितवीपर्यंत शिकली, एवढं कागदावर उतरवावं आणि यादी जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हातात द्यावी. धाकटं भावंड अंगणवाडीत बसवलं तर थोरली शाळेत येऊ शकते, म्हणून दोन्ही नावं एकाच दिवशी घाला. मग रोज सकाळी, टोळी फडावर निघाल्यावर, त्या लेकरांना शाळेपर्यंत पोचवायची पाळी गावातल्या तरुणांनी लावून घ्यावी. कोपी शाळेपासून लांब असेल तर दुचाकीवरून सोडावं. हंगामभर, फड संपून शेवटची गाडी जाईपर्यंत. आणि टोळी परत निघताना मुख्याध्यापकांकडून हजेरीचा कागद घेऊन तो मुलीच्या आईच्या हातात द्यावा, मुकादमाच्या नाही.